नखाचा बुडखा

१३ मे २०२४ रोजी नगर आणि शिर्डी या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं. मतदान करून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, शाईची रेघ होती. सिल्व्हर नायट्रेट असलेली ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशभर वापरली जाते. कातडीवरची रेघ भांडी घासता घासता, धुणं धुता धुता फिकी होत गेली. नखावरची मात्र साबणाला दाद देईना. तिला जायचा एकच रस्ता होता, पुढे सरकण्याचा. पेरण्यांच्या सुमारास नखाच्या मुळाशी कोरा गुलाबी पट्टा दिसू लागला. आषाढीपर्यंत तो पट्टा निम्म्या नखावर आला. पोळ्याला काळा डाग टोकाशी उरला होता आणि नेलकटरच्या एकदोन दाबांत तोही गेला. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी शाईवाल्या कर्मचाऱ्यापुढे बोट धरलं, तेव्हा बहुतेकांचं नख अख्खं नवं होतं.

म्हणजे त्या सहा महिन्यांत क्षेत्रफळाने महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अशा या नगर जिल्ह्यातली माणसं बोटावर एक मोजपट्टी घेऊन हिंडत होती. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला चार ते सहा महिने लागतात, आणि ते वाढतं मागून, टोकाकडून नव्हे. पाठ्यपुस्तकात या तीन गोष्टींसाठी आकृती लागते. इथे त्या भाजी निवडताना, एसटीत बसल्या बसल्या दिसत होत्या.

मला नखांविषयी लिहावंसं वाटलं ते तालुक्याच्या गावांत चालणाऱ्या ब्यूटी पार्लरच्या वर्गांमुळे. नगर शहरात, संगमनेर-श्रीरामपूरला, शेवगाव-पाथर्डीच्या बाजूलाही हे वर्ग आता नवे नाहीत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जन शिक्षण संस्थान आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था यांचे कमी मुदतीचे वर्ग असतात. याशिवाय एखाद्या अनुभवी पार्लरवालीकडे फी भरून शिकणाऱ्या मुली वेगळ्याच. दहावी-बारावी झालेल्या, लग्न ठरलेल्या, लग्न होऊन पोर कडेवर आलेल्या अशा सगळ्या तिथे भेटतात. भुवया कोरायला आणि नवरी सजवायला शिकायचं, एवढंच बहुतेकींच्या मनात असतं. नखांचा धडा आला की त्यांना वाटतं, यात शिकायचं काय? नख वाढलं की कापायचं, सण आला की रंगवायचं.

अशा एका वर्गातल्या मॅडमना मी खडूने फळाभर एकच बोट काढताना पाहिलं. बोट कडेने दिसत होतं, जणू मधोमध चिरलं आहे. वर नखाची पट्टी, खाली हाड, आणि मागे कातडीखाली गेलेला नखाचा भाग. मुली वहीत तेच बोट उतरवत होत्या. मॅडम म्हणाल्या, "जे दिसतंय ते मेलेलं आहे. जे जिवंत आहे ते दिसत नाही. तुमचं सगळं काम या दोन्हींच्या सीमेवर चालणार."

नखाची रचना खरोखर या दोन वाक्यांत बसते. आपण ज्याला नख म्हणतो ती पट्टी, नेल प्लेट, केराटिन नावाच्या प्रथिनाच्या थरांची असते. केसात, बैलाच्या शिंगात आणि खुरात हेच प्रथिन असतं. तिच्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत, म्हणून कापताना दुखत नाही. पट्टीखाली नखाची गादी असते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे नख गुलाबी दिसतं. नख दाबलं की पांढरं पडतं आणि सोडलं की क्षणात रंग परततो, तो रंग या गादीतल्या रक्ताचा. नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली, असतो तो मॅट्रिक्स. नव्या पेशी इथे जन्मतात, पुढे ढकलल्या जातात, चपट्या होतात, कडक होतात आणि त्यांचं नख होतं. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी पांढरट अर्धचंद्र दिसतो, तो मॅट्रिक्सचा बाहेर डोकावणारा भाग. करंगळीवर तो अनेकांना दिसत नाही. त्यात काळजीचं काहीच नाही, तो कातडीखाली झाकलेला असतो इतकंच.

मॅट्रिक्स हा शब्द मुलींच्या तोंडी बसत नव्हता. मग मॅडमनी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी ऊस आहे?" निम्म्याहून जास्त हात वर. "तोडणी झाली की पुढच्या वर्षी काय येतं?" "खोडवा." "का येतो?" "बुडखा राहतो ना जमिनीत." "आणि बुडखाच फुटला तर?" कुणीतरी म्हणालं, "मग तिथं नांग्या पडतात." मॅडमनी फळ्यावरच्या मॅट्रिक्सवर खडू टेकवला. त्यानंतर वर्गात नखाचा बुडखा हाच शब्द राहिला आणि माझ्या मते तो पुस्तकी नावापेक्षा जास्त काम करतो.

कारण पार्लरमधलं सर्वांत मोठं नुकसान याच जागी होतं. नखाच्या मुळाशी पातळ, पारदर्शक, मेलेल्या कातडीची एक कड पट्टीला चिकटलेली असते, ती क्युटिकल. तिच्यामागे कातडीची जाड, जिवंत घडी असते. या दोघी मिळून नख आणि कातडी यांमधली फट बुजवून ठेवतात. पाणी, जंतू, बुरशी, हळदीकुंकवाची पूड, काहीच बुडख्यापर्यंत पोचू नये म्हणून घातलेलं हे बूच आहे. लग्नसराईत हात स्वच्छ दिसावेत म्हणून नेमकं हेच बूच कात्रीने कापलं जातं. ग्राहक स्वतः म्हणते, "ताई, ते कातडं काढून टाका ना, नख मोठं दिसतं." नख खरंच मोठं दिसतं, आणि आठवड्याने बोट ठणकायला लागतं. कडेला सूज, लाली, मग पू. घरोघरी याला नखुरडं म्हणतात आणि बोट लिंबात खोचण्याचा उपायही घरोघरी ठाऊक असतो. सुरुवातीच्या सुजेला कोमट पाण्याचा शेक बरा वाटतो, पण पू धरलेलं बोट डॉक्टरला दाखवायलाच हवं. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांचं नखुरडं महिनोन् महिने रेंगाळतं. मग नखावर आडव्या लाटा उठतात, कारण सूज बुडख्यापर्यंत पोचलेली असते.

वर्गात म्हणून पहिली शिस्त ही, की जिवंत घडीला कात्री लावायची नाही. कोमट पाण्यात बोटं भिजवून, थोडं तेल लावून, पट्टीला चिकटलेली मेलेली कड लाकडी काडीने अलगद मागे सारायची. सुटून आलेला कातड्याचा दोरा तेवढा कापायचा, ओढायचा नाही. सगळी मिळून दोन मिनिटांची कृती. पण कुठे थांबायचं हे हाताला कळायला महिनाभर जातो.

मग येतात आकार. गोल, अंडाकृती, चौकोनी, कोपरे घासलेला चौकोन, बदामी, टोकदार. मोबाइलवर मुलींनी हे सगळे आधीच पाहिलेले असतात आणि त्यांचा जीव बदामीवर जडलेला असतो. आखूड, रुंद बोटांवर अंडाकृती आकार बोट लांब दाखवतो. अरुंद नखाला चौकोनी टोक भारदस्त दिसतं. नखाच्या मुळाशी जी गोलाई असते तिचंच प्रतिबिंब टोकाला आणलं की आकार हातावर शोभतो. सौंदर्याचा भाग इथे संपतो आणि ताकदीचा सुरू होतो. नखाला बळ त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती देतात. टोकदार आकार करायचा तर या भिंती घासाव्या लागतात, म्हणून असं नख सर्वांत आधी मोडतं. चौकोनाच्या भिंती शाबूत राहतात, पण त्याचे कोपरे पदराला, पोत्याला, गोधडीला अडकतात. कोपरे किंचित घासलेला आखूड चौकोन किंवा बोटाच्या टोकाइतकाच गोल, हे दोन आकार कामाच्या हातावर टिकतात.

मॅडमचं मला सर्वांत पटलेलं वाक्य इथे आलं: "आकार कोणता हवा, हे नंतर विचारा. आधी विचारा, ताई, काम काय करता?"

हा प्रश्न विचारला की जिल्हाच बोटांवर उमटतो.

नगरच्या तोफखाना भागात आणि नंतर वसलेल्या कामगार वस्त्यांत तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. विणकाम आणि विड्या वळणं ही त्यांची जुनी कामं. संगमनेर आणि अकोले तालुक्यांतही विडीचा धंदा जुना आहे. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान हातात घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, विडीचं तोंड मुडपून आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा. तोंड मुडपण्याचं काम कुणी पातळ पट्टीने करते, कुणी नखाने. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, तेव्हा एका दिवसात नखाची तीच कड तेच काम शेकडो वेळा करते. अशा बाईला नख बोटापर्यंत कापून घे म्हणणं म्हणजे तिचं हत्यार काढून घेणं. एक मावशी मला म्हणाली, "नख तुटलं की विडी ढिली होते बाई, मग परत येती." परत येती म्हणजे कारखान्यात नापास होऊन परत येते, आणि त्या विडीचे पैसे मिळत नाहीत.

तिच्या नखांची निगा वेगळी. कामाच्या बोटाचं नख थोडं पुढे ठेवायचं, पण टोक सरळ आणि कडा गुळगुळीत, म्हणजे पानाच्या शिरेत अडकून चिरणार नाही. तंबाखूने पिवळी पडलेली पट्टी घासून पांढरी करायच्या नादी लागायचं नाही, कारण बफर चालवून चालवून पट्टी पातळ होते. काम आवरलं की हात धुऊन खोबरेल तेल नखाच्या मुळाशी आणि टोकाखाली चोळायचं. विडी कामगारांच्या फुप्फुसांबद्दल, मजुरीबद्दल, १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. त्यांच्या नखांकडे मात्र कुणी निगेच्या नजरेने पाहिलेलं मला आढळलं नाही. पार्लर शिकलेली मुलगी त्याच गल्लीत राहते, तिने ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पारनेर, राहुरी, नगर तालुक्यांत हिवाळा म्हणजे कांद्याची लागवड. नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारात पुढे जो कांदा ढिगांनी दिसतो, त्याचं एकेक रोप कुण्या बाईच्या अंगठ्याने ओल्या वाफ्यात दाबलेलं असतं. दिवसभर ओणवं राहून रोप चिखलात खुपसायचं, बोट काढायचं, पुढचं रोप. नखाखाली चिखल शिरतो, तो रात्री काडीने, पिनेने, जे हाताला लागेल त्याने उकरला जातो. नखाच्या टोकाखाली, जिथे गादी संपते तिथे, कातडीची आणखी एक बारीक पट्टी असते. मुळाशी जसं क्युटिकलचं बूच, तसं टोकाखाली या पट्टीचं. पिनेने उकरलं की हे बूच फुटतं, नख गादीपासून सुटायला लागतं, सुटलेल्या जागी पुन्हा चिखल, आणि पोकळी मागे मागे सरकत जाते. सुटलेलं नख पांढरट दिसतं आणि ते पुन्हा चिकटत नाही. नवं नख मागून येईपर्यंत थांबावं लागतं. लागवडीच्या आदल्या दिवशी नखं बोटाबरोबर कापणं, संध्याकाळी जुन्या मऊ ब्रशने साबण लावून साफ करणं, पिनेला हात न लावणं, याहून मोठा उपाय नाही. आणि तो फुकट आहे.

गोठ्यातलं गणित आणखी वेगळं. अंगठा मुडपून धार काढणाऱ्याचं नख वाढलेलं असेल, तर ते गायीच्या सडाला लागतं. जखम झालेल्या सडातून दगडी, म्हणजे कासेची सूज, शिरते. म्हणून पशुवैद्यक सांगतात, पूर्ण मुठीने धार काढा आणि नखं कापलेली ठेवा. दुधावर संसार चालणाऱ्या या जिल्ह्यात गायीसाठी नखं कापणाऱ्या कितीतरी बाया आहेत. स्वतःसाठी तेवढा वेळ त्या काढत नाहीत.

या सगळ्या हातांना एक दुखणं समान आहे, ते पाण्याचं. नखाची पट्टी पाणी शोषते आणि फुगते, वाळली की आक्रसते. दिवसातून दहा-वीस वेळा हे झालं की थरांमधली पकड सुटते आणि टोकाला पापुद्रे निघायला लागतात. बायका म्हणतात, "माझी नखंच ठिसूळ, कॅल्शियम कमी असेल." बहुतेकदा कॅल्शियमचा संबंध नसतो. भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा आणि वारंवार भिजणं एवढं पुरेसं असतं. त्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आलं की उरलंसुरलं तेलही जातं. म्हणून घासायचं ते कोरड्या नखाला. ओलं नख मऊ असतं, कानशीने त्याचे धागे निघतात. कानस १८० किंवा २४० क्रमांकाची, म्हणजे बारीक. कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने. करवतीसारखी मागेपुढे चालवली की थर हलतात आणि दोन दिवसांनी नख तिथेच चिरतं. पायाची नखं मात्र जाड असतात, ती अंघोळीनंतर मऊ झाल्यावर कापावीत.

नखांचे गुण सांगणारी आपल्याकडची एक जुनी यादी वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. नख समान असावं, तेजस्वी, निर्मळ, न चिरलेलं, वाढतं, मऊ आणि दिसायला तुकतुकीत असावं, असा तिचा आशय. आज त्वचारोगतज्ज्ञ निरोगी नख तपासताना जवळपास हेच पाहतात. त्याच ठिकाणी निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांच्या नखांची लांबीही नोंदवलेली आहे. गौड देशातल्यांची नखं लांब, दाक्षिणात्यांची आखूड आणि काम सोसणारी, तर महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्हींचे गुण असलेली. दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आपल्या नखांना ओळख मिळाली आहे, याचा मला आनंद होतो. सुश्रुतानेही वैद्याने रोग्याकडे जाताना नखं कापलेली असावीत असं सांगून ठेवलंय.

गावगाड्यात हे काम न्हाव्याकडे होतं. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर नऱ्हाणी असायची, नखं काढायचं लहानसं चपट्या टोकाचं हत्यार. नेलकटर आला आणि नऱ्हाणी मागे पडली. पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली, ती म्हणजे दर काही दिवसांनी दुसऱ्या माणसाने आपली बोटं हातात घेऊन उजेडात पाहणं. शाळेत प्रार्थनेनंतर बाई नखं तपासतात तेवढंच आता उरलंय, आणि ते मातीपुरतं.

खरं तर नखं बरंच काही दाखवतात. आकाशातून बगळ्यांची माळ जाताना नखं नखांवर घासून पांढरं फूल मागणारी पोरं आपल्याकडे सगळीकडे होती, आणि काही दिवसांनी नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने ऐकलं म्हणायची. तो ठिपका बहुतेक वेळा बुडख्याला बसलेल्या एखाद्या विसरलेल्या ठोक्याचा असतो, नख वाढलं की पुढे सरकून जातो. मोठ्या आजारानंतर सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच पडते. तापाच्या दिवसांत बुडख्याचं काम थबकलेलं असतं, त्याची ती नोंद. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६मध्ये या खाचांचं वर्णन केलं. खाच मुळापासून किती दूर आहे हे मोजलं, की आजार किती महिन्यांपूर्वी झाला ते अंदाजाने सांगता येतं. नखावर तपकिरी उभ्या रेघा सावळ्या माणसांत अनेकदा निर्धोक असतात. पण एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी काळी रेघ डॉक्टरला दाखवली पाहिजे.

आणि रक्तक्षय. नख पांढुरकं, पातळ, पुढे पुढे तर मध्ये खोलगट, पाण्याचा थेंब ठरेल असं. शरीरात लोह फार दिवस कमी पडलं की हे दिसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे पार्लरमध्ये हात पुढे करणाऱ्या दोघींपैकी एक. खोलगट नख त्यांतल्या थोड्यांनाच दिसतं, पण फिकी गादी पुष्कळजणींची असते, आणि ती नेलपॉलिश पुसल्याशिवाय दिसत नाही. याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं आणि कधी शाळेत न गेलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेल्या डॉक्टरशिवाय कुणाला रोगाची खूण कळणार नाही, ही समजूत त्या बायकांनी पुसून टाकली. जामखेडच्या जिल्ह्यातल्या पार्लरवालीला फिकं नख ओळखता येऊ नये, याला काही कारण नाही. निदान तिने करायचं नाही. "ताई, एकदा रक्त तपासून घ्या, उपकेंद्रात होतं," एवढं वाक्य तिने रंग लावण्याआधी म्हणायचं.

नख उशिरा का होईना, पण बोलतं, हे बुलढाणा जिल्ह्याने पाहिलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५च्या दरम्यान माणसांचे केस झपाट्याने गळू लागले, आणि एप्रिलमध्ये काहींची नखं विद्रूप होऊन गळायला लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने तपासले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं. प्रमाणाबाहेर गेलं की आधी केसांवर, मग नखांवर परिणाम दिसतो. नखं नंतर गेली याचं कारण त्यांच्या संथ वाढीत आहे. बुडख्यात झालेला बिघाड टोकापर्यंत दिसायला महिने लागतात.

हीच संथ वाढ मोजण्यासाठी अमेरिकेतले डॉ. विल्यम बीन यांनी आपल्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ती किती सरकते याची नोंद ३५ वर्षं ठेवली आणि १९८०मध्ये प्रसिद्ध केली. वयाच्या ३२व्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी दुसरं टोक गाठलं. १९५२पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापलीच नाहीत. २०१८मध्ये न्यूयॉर्कला ती कापली, तेव्हा पाचांची मिळून लांबी ९ मीटरच्या वर होती. त्या हाताची हालचाल मात्र कायमची गेली होती.

आता धंद्याची बाजू, कारण शिकणाऱ्या मुलीला शेवटी तेच विचारायचं असतं. जेल नखं, ॲक्रिलिक, एक्स्टेन्शन यांना शहरात चांगले पैसे मिळतात आणि लग्नाच्या पॅकेजमध्ये आता ती खेड्यातही मागितली जातात. ते शिकावं, पण मागाहून. जेलमधली रसायनं न सुकलेल्या अवस्थेत कातडीला लागली तर ॲलर्जी येते, आणि ती एकदा आली की जन्मभर राहू शकते. युरोपीय संघाने जेलमधल्या टीपीओ नावाच्या एका घटकावर १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदीच घातली. कापूस, काडी, कानस प्रत्येक ग्राहकाला वेगळी हवी. लोखंडी हत्यारं आधी साबणाने घासायची, मग निर्जंतुक करायची, नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, आणि त्याला शिरायला नखाच्या कोपऱ्यातली न दिसणारी चीर पुरते. नव्या पार्लरमध्ये आरसा आणि खुर्चीवर पैसे जातात, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रावर जात नाहीत. प्रशिक्षणाबरोबर कर्ज देणाऱ्यांनी या यंत्राची किंमत आधी धरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पायांबद्दल थोडं. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात भाताची आवणी चालू असताना बायका-पुरुष दिवसचे दिवस चिखलात उभे असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तिथली बुरशी नखात उतरते, नख जाड, पिवळं, भुसभुशीत होतं. पायाचं नख हाताच्या निम्म्या वेगानेही वाढत नाही. अंगठ्याचं नख अख्खं नवं यायला वर्ष ते दीड वर्ष जातं, म्हणून उपचारही लांबतो. दोन आठवडे मलम लावून "गुण आला नाही" म्हणून सोडून देणारे बहुतेक सगळेच. असं नख पार्लरमध्ये आलं तर त्यावर रंग चढवायचा नाही, त्याला लावलेली कानस दुसऱ्याला लावायची नाही.

त्या वर्गात सरावासाठी शेजारच्या एक आजी येऊन बसल्या होत्या. अंगठ्याचं नख दोन्ही बाजूंनी मांसात रुतलेलं. दर महिन्याला सून ब्लेडने कोपरे खोल कापायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि कोपरा पुन्हा वाढताना आणखी आत घुसायचा. आजी म्हणाल्या, "पोरी, कोपरा काढ गं, लई खुपतंय." मुलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आजींना विचारलं, "आजी, साखर आहे का तुम्हाला?" आजी म्हणाल्या, "हाय की, गोळी चालूये." मॅडमनी मुलीच्या हातातली कात्री काढून घेतली. मधुमेह्याच्या पायाला संवेदना कमी असते, जखम कळत नाही, भरून यायला वेळ लागतो, तेव्हा रुतलेल्या नखाला इथे हात लावायचा नाही, हे त्यांनी सगळ्यांना वहीत लिहायला लावलं. मग आजींच्या बाकीच्या नऊ बोटांची नखं त्या मुलीने सरळ आडवी कापली, कोपरे न गोलवता. कानशीने कडा मऊ केल्या आणि पाय कोरडे पुसले. अंगठ्यासाठी एका चिठ्ठीवर सरकारी दवाखान्याचा वार लिहून दिला. आजी कुरकुरत होत्या. मुलगी म्हणाली, "आजी, सोमवारी मीच घेऊन जाते तुम्हाला."